घरचे बी, विकतचे बी आणि कायदा

भात झोडून झाले. खळ्यात रास पडली. आता पहिले काम कोणते? घरातली म्हातारी माणसे सांगतील, "आधी बी बाजूला काढा. मग खायचे भात मोजा, मग विकायचे."

ही रीत आपल्या आजीने शिकवली. आजीला तिच्या आजीने शिकवली. कितीतरी पिढ्या अशा गेल्या. तारोडी, डोंगरी, उत्तन, गोराई ही धारावी बेटावरची गावे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, खाडीकाठी भाईंदरची मिठागरे. पावसाळ्यात भात करायचे, बाकीचे दिवस मासळी, भाजी, नोकरी. आगेऱ्याच्या सणाला नव्या भाताच्या लोंब्या देवळात नेऊन त्यांना आशीर्वाद घ्यायचा. त्या लोंब्या घरच्या बियाण्याच्या असत.

आता गोराई सोडून बाकीची गावे मीरा-भाईंदर महानगरपालिकेत आली. शेते कमी झाली. पण जिथे भात लावतात तिथे एक प्रश्न दर वर्षी उभा राहतो. बी घरचे घ्यायचे, की दुकानातून पिशवी आणायची? आणि पिशवी आणली, तर तिच्यातल्या पिकाचे बी पुढच्या वर्षी आपण पेरू शकतो का? कुणी म्हणते, "कंपनीचं बी पुन्हा पेरलं तर गुन्हा होतो." कुणी म्हणते, "आपलं शेत, आपलं पीक, कोण काय करणार?"

दोघांचेही म्हणणे थोडे खरे, थोडे खोटे आहे. नीट समजून घेऊ.

आधी बियाण्याची गोष्ट. भाताचे फूल फार थोडा वेळ उघडते. त्याचे पराग बहुतेक त्याच फुलावर पडतात. बाहेरचे पराग फारसे येत नाहीत. म्हणून भाताचे पोर आईबापांसारखेच निघते. जे भात पेरले तेच उगवते. गहू, हरभरा, सोयाबीन यांचेही असेच आहे. अशा पिकाचे बी घरी राखता येते. तीनचार वर्षांनी मात्र थोडी भेसळ होते, जोम कमी होतो. मग शेजाऱ्याकडून किंवा दुकानातून नवे बी आणावे. आपल्या आज्या हेच करत. बी बदलून घेत. एका गावचे दुसऱ्या गावात जाई.

संकरित बियाणे वेगळे. दोन निराळ्या जातींचा संकर करून ते तयार होते. पहिल्या वर्षी त्याचे पीक जोमदार येते. पण त्याच पिकाचे बी पेरले तर दुसऱ्या वर्षी कुठले झाड उंच, कुठले ठेंगणे, कुठले लवकर पिकणारे, कुठले उशिरा. पीक एकसारखे येत नाही आणि उतारा घटतो. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने 'सह्याद्री' नावाचे संकरित भात काढले आहे. ते चांगले आहे, पण त्याचे बी दर वर्षी नवे घ्यावे लागते. विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाचेही तसेच. बीटी कापसाला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. ते बहुतेक बियाणे संकरित. म्हणून शेतकऱ्याला दर वर्षी पाकीट घ्यावे लागते. तिथे कायद्याने हात बांधलेले नाहीत. बियाण्याच्या जातीनेच बांधले आहेत. हा फरक लक्षात असू द्या, कारण पुष्कळ लोक इथेच घोटाळा करतात.

आता पेटंट. पेटंट म्हणजे शोधाचा मालकी हक्क. एखाद्याने नवे यंत्र शोधले, तर सरकार त्याला कागद देते. काही वर्षे ते यंत्र त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कुणी करायचे नाही, विकायचे नाही. आपल्या देशात ही मुदत २० वर्षे आहे. यात वावगे काही नाही. ज्याने डोके झिजवले त्याला चार पैसे मिळावेत.

पण शोध खरा नवा असला पाहिजे. जखमेवर हळद लावतात हे आपल्याकडे लहान पोराला ठाऊक आहे. तरी १९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम बरी करण्याचे पेटंट एका विद्यापीठाच्या नावावर झाले! तेव्हा आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून पुढे ठेवले. हे ज्ञान जुने आहे, नवे नाही, असे दाखवून दिले. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. पुराव्याला लिहिलेला कागद होता, म्हणून जिंकलो. नुसते 'आमच्याकडे असेच करतात' म्हणून भागले नसते.

अमेरिकेत बियाण्यावरही पेटंट मिळते. तिथे शेतकऱ्याचे काय होते पाहा. इंडियाना राज्यात व्हर्नन बोमन नावाचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांनी धान्याच्या कोठारातून साधे सोयाबीन विकत घेतले. ते खाण्यासाठी, गुरांसाठी विकायचे धान्य होते. त्यांनी ते शेतात पेरले. वर तणनाशक मारले. जी झाडे मेली नाहीत त्यांचे बी राखले आणि पुढे पेरले. त्या झाडांत तणनाशक सोसण्याचा गुण होता आणि त्या गुणाचे पेटंट मोन्सँटो कंपनीकडे होते. कंपनीने दावा लावला. खटला सर्वांत वरच्या न्यायालयात गेला. मे २०१३ मध्ये निकाल लागला. नऊच्या नऊ न्यायाधीश कंपनीच्या बाजूने. बोमन यांना ८४ हजार डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली. आपल्या शेतात उगवलेले दाणे पुन्हा आपल्याच शेतात पेरले, त्याबद्दल!

आपल्या देशात असे होईल का?

नाही. आपल्या पेटंट कायद्यात २००२ साली दुरुस्ती झाली. झाडे, बियाणे आणि पिकांच्या जाती यांवर पेटंट देता येत नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. पण १९९५ साली जागतिक व्यापार संघटना निघाली आणि भारत तिचा सभासद झाला. तिचा नियम असा, की पिकांच्या नव्या जातींना काहीतरी संरक्षण दिलेच पाहिजे. पेटंट द्या, नाहीतर आपला वेगळा कायदा करा. भारताने वेगळा कायदा केला. त्याचे नाव 'पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१'. नाव लांब आहे. पण त्यातले 'शेतकरी हक्क' हे दोन शब्द महत्त्वाचे. या कायद्याचे काम पाहणारे प्राधिकरण २००५ साली दिल्लीत सुरू झाले.

कायदा दोन गोष्टी सांगतो. कुणी नवा वाण काढला, तर तो त्याच्या नावावर नोंदता येतो. मग इतर कुणी तो वाण व्यापारासाठी तयार करू नये. भात, गहू, भाजी अशा पिकांना हा हक्क १५ वर्षे, झाडे व वेली यांना १८ वर्षे. ही झाली एक बाजू.

दुसरी बाजू कलम ३९ मध्ये आहे. हा आकडा पाठ करून ठेवावा असा आहे. शेतकरी आपल्या शेतातले पीक, त्यात बीसुद्धा आले, राखू शकतो. पेरू शकतो. पुन्हा पेरू शकतो. शेजाऱ्याला देऊ शकतो, बदलून घेऊ शकतो, विकूही शकतो. वाण कंपनीच्या नावावर नोंदलेला असला तरीही. बंदी एकाच गोष्टीला आहे. नोंदलेल्या वाणाचे नाव छापलेल्या पिशवीत किंवा डब्यात भरून, चिठ्ठी लावून ते बी विकायचे नाही. म्हणजे आपण कंपनीसारखे दुकान मांडायचे नाही. गोणीत घालून शेजारच्या काकांना चार पायली बी विकले, तर काही गुन्हा नाही.

आणखी एक. एखादा वाण नोंदलेला आहे हे शेतकऱ्याला खरोखरच माहीत नव्हते आणि त्याच्या हातून चूक झाली, तर ती चूक गुन्हा धरत नाहीत. कलम ४२ मध्ये हे आहे.

कायदा कागदावर असला, तरी त्रास चुकत नाही. गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यात चिप्सच्या बटाट्याचे पीक होते. 'एफएल २०२७' नावाचा एक बटाटा पेप्सिको कंपनीच्या नावावर नोंदलेला आहे. कंपनीशी करार न करता काही शेतकऱ्यांनी तो लावला. एप्रिल २०१९ मध्ये कंपनीने अहमदाबादच्या न्यायालयात चार शेतकऱ्यांवर दावे लावले. प्रत्येकाकडून मागितले एक कोटी पाच लाख रुपये. तीनचार एकरांच्या शेतकऱ्याला एक कोटी! तो आकडा ऐकूनच माणूस आडवा होईल. शेतकरी संघटनांनी देशभर आवाज उठवला. कलम ३९ पुढे केले. मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले.

गोष्ट तिथे संपली नाही. शेतकऱ्यांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या कविता कुरुगंटी यांनी त्या बटाट्याच्या नोंदणीलाच हरकत घेतली. डिसेंबर २०२१ मध्ये प्राधिकरणाने नोंदणी रद्द केली. कंपनी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली. पहिल्या न्यायाधीशांपुढे हरली, पण जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे नोंदणीच्या भांडणात कंपनी जिंकली. पण शेतकऱ्यांवरचे दावे काही परत आले नाहीत, आणि कलम ३९ जिथल्या तिथे आहे. नोंदणी कंपनीची असू शकते आणि बी राखण्याचा हक्क शेतकऱ्याचा असू शकतो. दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

आता आपल्या महाराष्ट्रातल्या एका माणसाची गोष्ट. ती जरा सविस्तर सांगतो, कारण ती गोड आहे आणि कडूही आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. मराठवाड्यातले मोठे नांदेड वेगळे. या खेड्यात दादाजी रामाजी खोब्रागडे राहत. शाळा थोडीशीच झालेली. जमीन दीड एकर. १९८३ साली ते आपल्या धानाच्या शेतातून फिरत होते. 'पटेल ३' नावाचे धान लावले होते. त्यात त्यांना दोनतीन लोंब्या निराळ्या दिसल्या. पिवळसर, दाणा बारीक. दुसरा कुणी असता तर 'भेसळ आहे' म्हणून उपटून टाकत्या. दादाजींनी त्या जपून ठेवल्या. पुढच्या वर्षी शेताच्या मधोमध वेगळ्या लावल्या, भोवती काटेरी कुंपण केले. पुन्हा बी निवडले. पुन्हा लावले. असे काही वर्षे चालले. शेवटी एक नवे धान तयार झाले. बारीक, शिजल्यावर चवीला छान आणि उतारा चांगला.

त्या दिवसांत एचएमटीचे मनगटी घड्याळ म्हणजे मोठी ऐट होती. म्हणून व्यापाऱ्याने या धानालाही 'एचएमटी' नाव दिले. ते नाव लोकांच्या तोंडी बसले. धान एका गावातून दुसऱ्या गावात गेले, मग छत्तीसगड, मध्य प्रदेश, आंध्रात गेले. आजही वाण्याच्या दुकानात 'एचएमटी कोलम' मागतात. तो तांदूळ कुणी शोधला हे मागणाऱ्याला ठाऊक नसते.

१९९४ साली कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने दादाजींकडून ते बी नेले. विद्यापीठाने ते शुद्ध केले आणि १९९८ साली 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने बाहेर आणले. विद्यापीठाचे म्हणणे, आम्ही बियाण्यावर काम केले आहे. ते खरेही असेल. पण मूळ लोंब्या ज्याने ओळखल्या त्या माणसाचे नाव त्या नावात कुठेच नव्हते, आणि बियाण्याच्या विक्रीतला रुपयाही त्याच्या हाती आला नाही. तेव्हा २००१ चा कायदा झालेला नव्हता. दादाजींच्या हाती कुठलाही कागद नव्हता.

पुढे मान मिळाला. २००५ साली राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हातून सन्मान झाला. दादाजी थांबले नाहीत. त्यांनी आणखी काही वाण काढले. एकाचे नाव 'डीआरके', म्हणजे त्यांच्याच नावाची आद्याक्षरे. निदान तिथे तरी नाव राहिले! पण घरची गरिबी हटली नाही. ३ जून २०१८ रोजी ते वारले.

आजच्या कायद्यात अशा शेतकऱ्याला जागा आहे. शेतकऱ्याने काढलेला किंवा पिढ्यान् पिढ्या जपलेला वाण त्याच्या, किंवा सगळ्या गावाच्या नावावर नोंदता येतो. शेतकऱ्याला त्यासाठी फी नाही. कुणी त्या वाणापासून नवा वाण काढून धंदा केला, तर मूळ शेतकऱ्याला वाटा मागता येतो. अर्ज मात्र लिहावा लागतो. वाण कुठला, कुणी जपला, इतरांहून निराळा कशाने, हे कागदावर मांडावे लागते. कृषी विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात यासाठी मदत मिळते.

आपल्या किनाऱ्यावरही असे जुने वाण होते. खारे पाणी शिरणाऱ्या जमिनीत साधे भात जळून जाते. तिथे 'काळा राता', 'भुरा राता' अशी तांबडी भाते तग धरत. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने अशा जातींचा अभ्यास केला, आणि खार जमिनीसाठी 'पनवेल' नावाचे नवे वाणही काढले. समुद्राचे पाणी शेतात शिरू लागले की याच गुणाची गरज पडते. तुमच्या घरी, किंवा मामाच्या गावी, कुणाच्या कणगीत असे जुने बी उरले असेल तर ते दळून खाऊ नका. मूठभर तरी राखा.

बी राखण्याला शाळा लागत नाही, हे राहीबाई सोमा पोपेरे यांनी दाखवले. अकोले तालुक्यात कोंभाळणे हे त्यांचे गाव. जिल्हा अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत. घरातली लहान मुले आजारी पडू लागली, तेव्हा त्यांना वाटले, हे औषधे मारलेले अन्न खाऊन होते आहे. त्यांनी गावरान बी गोळा करायला सुरुवात केली. भात, वाल, घेवडा, वेलभाज्या. राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात घालून मडक्यांत जपले. बाएफ संस्थेने हात दिला आणि घरात बियाण्याची बँक झाली. बी घेऊन जा, पीक आले की दुप्पट परत द्या, असा व्यवहार. २०२० साली सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली.

घरचेच बी नेहमी चांगले आणि विकतचे नेहमी वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. कर्जत आणि दापोलीच्या लोकांनी काढलेल्या वाणांनी कोकणात भाताचा उतारा वाढला आहे. चांगले बी जरूर विकत आणावे. पण आणताना वाचावे. आता आपल्याला वाचता येते ना?

पिशवीला एक चिठ्ठी शिवलेली असते. तिचा रंग पाहा. निळी चिठ्ठी म्हणजे सरकारी यंत्रणेने तपासलेले प्रमाणित बी. हिरवी चिठ्ठी म्हणजे कंपनी स्वतःच्या जबाबदारीवर सांगते, की बी अमुक गुणाचे आहे. पांढरी चिठ्ठी पायाभूत बियाण्याची. ते पुढे बी वाढवण्यासाठी असते. मग चिठ्ठीवरचे आकडे वाचा. उगवण किती टक्के? भाताला निदान ८० पाहिजे, सोयाबीनला ७०. तपासणीची तारीख कोणती? मुदत कधी संपते? लॉट नंबर काय? मुदत संपलेली पिशवी दुकानदार स्वस्तात देईल, घेऊ नका.

पावती मागून घ्या. पावतीवर वाणाचे नाव आणि लॉट नंबर लिहून घ्या. दुकानदार म्हणेल, "अहो दादा, आपली रोजची ओळख, पावती कशाला?" ओळख असू द्या, पावतीही असू द्या. पिशवी, चिठ्ठी आणि मूठभर बी पीक येईपर्यंत फेकू नका. २०२० च्या पावसाळ्यात मराठवाडा आणि विदर्भात पुष्कळ शेतकऱ्यांचे विकतचे सोयाबीन उगवलेच नाही. ज्यांच्याकडे पावती आणि पिशवी होती, त्यांच्या तक्रारीला पाय होते. बी उगवले नाही तर तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लगेच लेखी तक्रार द्यावी आणि शेताचा पंचनामा करून घ्यावा. ग्राहक न्यायालयातही जाता येते. बी विकत घेणारा शेतकरी हा ग्राहकच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली सांगितले आहे. आणि नोंदलेल्या वाणाने कंपनीने सांगितला तसा गुण दाखवला नाही, तर कलम ३९ खालीच प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते.

घरचे बी राखायचे असेल तर काम कापणीच्या आधीच सुरू करा. शेताच्या मधला चांगला तुकडा निवडा. त्यात निराळी दिसणारी, उंच किंवा आधी पिकलेली झाडे काढून टाका. निराळ्या लोंब्या दादाजींसारख्या बघून घ्यायच्या असतील तर वेगळ्या ठेवा, बियाण्यात मिसळू नका. हा तुकडा वेगळा कापा, वेगळा झोडा. दाणा दाताखाली कट्कन तुटेपर्यंत उन्हात वाळवा. ओल राहिली तर बुरशी येते आणि कोंब मरतो. मग कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा. वर वाणाचे नाव आणि साल लिहिलेला कागद लावा.

पेरणीच्या पंधरा दिवस आधी उगवण तपासा. न निवडता सरसकट शंभर दाणे मोजा. गोणपाटाचा तुकडा भिजवा, त्यावर दाणे ओळीने मांडा, वर दुसरा ओला तुकडा घाला, गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. आठदहा दिवसांनी उघडा आणि चांगले कोंब आलेले दाणे मोजा. ऐंशी किंवा जास्त निघाले तर बी उत्तम. सत्तर निघाले तर पेरताना बी थोडे जास्त घ्या. साठाच्या खाली गेले तर ते भात खाण्याला ठेवा आणि बी दुसरीकडून आणा.

पेरणीच्या आदल्या दिवशी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवा. मिठाची आपल्याकडे वाण नाही. त्यात बी ओता आणि ढवळा. पोकळ, रोगट दाणे वर तरंगतील, ते काढून टाका. तळाचे जड दाणे दोनतीन वेळा साध्या पाण्याने धुवा, मीठ राहू देऊ नका. सावलीत पसरून वाळवा. सकाळी रोपवाटिकेत पेरायला घ्या.